सोमवारीच का बसते बॅटरी?

आमची गाडी सोमवारी सकाळी सुरू व्हायची नाही. मंगळवार ते शुक्रवार काही तक्रार नसायची. शनिवार-रविवार पार्किंगमध्ये उभी राहिली की सोमवारी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्-टक्-टक्-टक्, आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल. नाशिकमध्ये जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे सोसायटीत ज्याला त्याला कारण माहीत होतं. ‘थंडी आहे हो, सगळ्यांच्याच बॅटऱ्या बसतात.’ मग शेजाऱ्यांची गाडी पुढ्यात आणायची, जंपर केबल लावायची आणि उशिरा कामावर पोचायचं.

बॅटरीच्या दुकानात नेली. दुकानदाराने दोन चिमटे लावून लोड टेस्टरचं बटण दाबलं, काटा लाल पट्ट्यात गेला. ‘ताई, प्लेटा गेल्या. नवी टाका. जुनी देऊन चारेक हजारांत बसेल.’

बॅटरी जेमतेम दीड वर्षाची होती. तिच्या आधीचीही अशीच अकाली गेली होती. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे एखादा भाग नाकारताना कारण लिहावं लागतं, आणि ‘थंडी’ असं कारण लिहिलं तर साहेब कागद परत पाठवतात. थंडी मंगळवारीही होतीच की. शिवाय बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उष्णतेत आतली झीज होते आणि थंडीत इंजिन जड झालं की ती उघडी पडते. थंडीत बॅटरी ‘जाते’ असं वाटतं ते त्यामुळे.

घरी माझे सासरे, अप्पा, एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. एसटीचं काम चोवीस व्होल्टवर, बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दुकानातला किस्सा ऐकून ते म्हणाले, ‘बॅटरी मेली हे त्याला दिसलं. कुणी मारली ते त्याने सांगितलं का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग पैसे नको देऊस अजून. आधी ती गाडीपासून सोडव आणि चार्ज कर. बॅटरी गाडीत ठेवून बॅटरीची परीक्षा होत नाही.’

हत्यारं म्हणाल तर दहाचा पाना, काही शे रुपयांचा मल्टिमीटर, एक छोटा चार्जर आणि अप्पांचा टेस्ट लॅम्प. हा लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, टोकाला चिमटे. मीटर स्वस्तातला असल्यामुळे आधी तो खरं बोलतो का हे पाहिलं. नव्या पेन्सिल सेलवर १.५ ते १.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे आपल्या कामापुरता ठीक. घरच्या वायरमनकडे असतो तो क्लॅम्प मीटर या कामाला सहसा चालत नाही. त्यातले बहुतेक फक्त एसी करंट मोजतात आणि गाडीत सगळं डीसी.

बोनेटला हात घालण्याआधी अप्पांनी मला बांगड्या आणि अंगठी काढायला लावली. धातूचा पाना पॉझिटिव्हवर, बांगडी बॉडीला टेकलेली, अशा अवस्थेत शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि बांगडी क्षणात लाल होते. निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, हाही नियम त्याच कारणाने. निगेटिव्ह निघालेलं असेल तर पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. टर्मिनल काढलं की घड्याळ शून्यावर येतं आणि काही गाड्यांत काचांना आपोआप वर-खाली होणं पुन्हा शिकवावं लागतं, एवढीच किंमत.

त्या सोमवारी मीटरने ११.८ दाखवले होते. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट म्हणजे भरलेली, असं वाटतं, तसं नसतं. आत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. पूर्ण भरलेली आणि काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. सगळा खेळ एका व्होल्टच्या आत, म्हणून दशांशानंतरचे आकडे दाखवणारा मीटर लागतो. डॅशबोर्डवरच्या चार्जिंग सॉकेटमध्ये घालायची ती व्होल्ट दाखवणारी निळ्या आकड्यांची खेळणी इथे कामाची नाहीत.

रात्रभर चार्जर लावला. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तास साठवणीची, चार्जर चार अँपिअरचा, म्हणजे दहा तासांच्या आसपास. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरी बाल्कनीत ठेवली, आणि चिमटे काढण्याआधी चार्जरचं बटण बंद केलं, नाहीतर ठिणगी तिथेच पडते. सकाळी लगेच मोजलं तर १३.१ आले. या आकड्याला अर्थ नसतो. प्लेटांच्या पृष्ठभागावर ताजा चार्ज असतो, तो ओसरायला काही तास द्यावे लागतात. संध्याकाळी १२.६५. मग बॅटरी गाडीत न लावता तशीच दोन रात्री ठेवली. पुन्हा मोजली, १२.६२.

या एका आकड्याने निम्मं कोडं सुटलं. बॅटरी स्वतःहून उतरत नव्हती. आतला सेल शॉर्ट झाला असता तर दोन रात्रींत व्होल्टेज साडेदहाच्या दिशेने घसरलं असतं. म्हणजे गाडीत असताना कुणीतरी तिला रिकामी करत होतं, किंवा इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर तिला पुरतं भरत नव्हता. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा ‘डोळा’ हिरवा झाला होता, पण त्यावर मी फार विसंबले नाही. तो सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो, बाकीच्या पाचांबद्दल त्याला काही कळत नाही.

बॅटरी लावली. आता सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारताना काय होतं ते पाहायचं. नवऱ्याला किल्लीवर बसवलं, मीटरच्या कांड्या मी थेट शिशाच्या खुंटांवर टेकवल्या. इंजिन फिरत असताना १०.६. साधारण साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीकडे संशयाने पाहायचं, म्हणजे आमची पास. तरीही इंजिन जरा ओढल्यासारखं फिरत होतं, खणखणीत नाही. अप्पांच्या कानाने ते टिपलं. ‘व्होल्ट आहेत, पण सेल्फपर्यंत पोचत नाहीत,’ ते म्हणाले.

गाडी चालू ठेवून चार्जिंग पाहिलं. काही न लावता १३.९. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर १३.७, आणि इंजिन दोन हजार आरपीएमला नेलं तरी १३.७च. बहुतेक मेकॅनिक इथे मान डोलावतात, कारण पुस्तकात १३.८ ते १४.५ लिहिलेलं असतं आणि १३.७ काही फार लांब नाही. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एवढ्यावरून काही ठरवताही येत नाही. आमची तशी नाही.

अप्पांनी मीटरची काळी कांडी अल्टरनेटरच्या बॉडीला आणि लाल कांडी त्याच्या मागच्या जाड वायरीच्या नटाला टेकवायला लावली, पट्ट्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवून. तिथे १४.२ होते. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, आणि वाटेत अर्धा व्होल्ट कुठेतरी गळत होता.

हा अर्धा व्होल्ट शोधायची पद्धत मला फार आवडली. यात काही सोडावं-तोडावं लागत नाही. इंजिन चालू, दिवे चालू, आणि मीटरची एक कांडी रस्त्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. वायर चांगली असेल तर दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य. जिथे अडथळा असेल तिथे मीटर आकडा दाखवतो. अल्टरनेटरच्या नटापासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापर्यंत ०.१२, म्हणजे ठीक. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.३८. इथे ०.१ च्या आसपास असायला हवं. मग तुकडे केले. खुंट ते त्यावरची केबलची क्लिप ०.०१, क्लिप ते गाडीची बॉडी ०.०२, बॉडी ते इंजिन ०.३५. चोर अर्थिंगमध्ये.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीला विजेच्या दृष्टीने एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेलं असतं. आमच्या गाडीत ती बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्ट केलेली. ट्रे काढला तर बोल्टभोवती पांढरी-हिरवट भुकटी आणि खाली गंज. बॅटरीतून उडणारी आम्लाची वाफ वर्षानुवर्षं तिथेच उतरते. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला, फेस आला, वायर ब्रशने घासलं, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला आणि वर पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं तर ०.०४. बॅटरीवर आता १४.१ आणि सेल्फचा आवाज पहिल्यासारखा. सेल्फ मारताना मघाशी १०.६ एवढा चांगला आकडा का आला होता, तेही आता कळलं. अर्थिंगमध्ये अडलेला करंट सेल्फपर्यंत पुरता जातच नव्हता, मग बॅटरीवर भार तरी कसा पडणार! आता त्याच कसोटीत १०.१ येत होते.

मी खूश. अप्पा खूश नव्हते. ‘अर्थिंगमुळे बॅटरी कमी भरेल. पण ती सोमवारीच का बसते, याचं उत्तर यात नाही.’

आणि खरंच, पुढच्या सोमवारी गाडी सुरू झाली खरी, पण कण्हत. सेल्फ मारण्याआधी मोजलं होतं, १२.१. शुक्रवारी रात्री १२.६ होते.

आता उरलं करंटचं मोजमाप. गाडी बंद असतानाही थोडा करंट जातोच. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, इमोबिलायझर, कॉम्प्युटरची मेमरी. वीस ते पन्नास मिलिअँपिअरपर्यंत त्याला माफी. त्यापेक्षा जास्त असेल तर कुणीतरी जागं आहे.

आधी अप्पांच्या लॅम्पला मान दिला. निगेटिव्ह क्लिप काढली आणि खुंट आणि क्लिप यांच्यामध्ये लॅम्प लावला. बल्ब झगझगीत पेटला. मला वाटलं, सापडलं! अप्पा म्हणाले, थांब. गाडीला नुकतीच वीज मिळाल्यामुळे तिची सगळी यंत्रं उठून बसली होती. हळूहळू बल्ब मंद होत गेला. पण पूर्ण विझला नाही. पार्किंगच्या जागेतला दिवा बंद करून, तळहाताचा आडोसा करून पाहिलं तर तार तांबूस दिसत होती. निरोगी गाडीत ती काळी दिसायला हवी.

किती, ते लॅम्प सांगत नाही. मीटर सांगतो, पण तो लावायची रीत आहे. लाल वायर मीटरच्या दहा अँपिअरच्या छिद्रात घालायची आणि काही झालं तरी त्या अवस्थेत कांड्या बॅटरीच्या दोन खुंटांना टेकवायच्या नाहीत, तो थेट शॉर्ट आहे. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही नको. दार उघडं ठेवायचं असेल तर दाराच्या कडेचं लॅच पेचकसाने बंद करून ठेवायचं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. बटणाची किल्ली असेल तर ती घरात लांब ठेवायची. शिवाय मीटर जोडताना वीज क्षणभरही तुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं पुन्हा जागं होतं. म्हणून आधी एक कांडी खुंटाला, दुसरी क्लिपला धरून मगच क्लिप सावकाश वर उचलायची.

अर्धा तास वाट पाहिली. मधल्या वेळात सासूबाईंनी चहा पाठवला आणि वरच्या मजल्यावरचे काका ‘अजून नवी टाकली नाही का?’ विचारून गेले. मीटर ०.३८ वर स्थिरावला. तीनशे ऐंशी मिलिअँपिअर.

गणित तिथेच फ्यूज बॉक्सच्या झाकणावर केलं. ०.३८ गुणिले चोवीस म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास, जवळपास तेवीस. पस्तीसच्या बॅटरीतून तेवीस गेले तर उरले बारा, आणि अर्थिंगमुळे शुक्रवारीच ती पूर्ण भरलेली नसेल तर त्याहूनही कमी. मंगळवार ते शुक्रवार का चालतं तेही उघड झालं. एका रात्रीत पाचेक अँपिअर-तास जायचे आणि दिवसाच्या दोन फेऱ्यांत कसेबसे परत यायचे.

आता कोण? नेहमीचा उपाय म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि मीटर पडतो का पाहायचं. पण फ्यूज परत लावताना ती शाखा पुन्हा जागी होते आणि पुन्हा अर्धा तास. त्यापेक्षा फ्यूज न काढता मोजता येतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून कांड्या त्या दोन ठिपक्यांवर टेकवायच्या. फ्यूजमधून करंट जात असेल तर काही दशांश मिलिव्होल्ट दिसतात, जात नसेल तर शून्य. तीनशे ऐंशी मिलिअँपिअर दहाच्या छोट्या फ्यूजमधून गेले असते तर तीनच्या आसपास मिलिव्होल्ट दिसायला हवे होते. स्टिअरिंगखालचे सगळे तपासले, बोनेटखालचेही. कुठे ०.१, कुठे ०.२, बाकी शून्य. आधी वैताग आला. मग लक्षात आलं की हेच तर उत्तर आहे. करंट जातोय, पण फ्यूज बॉक्समधून जात नाही. म्हणजे कंपनीने जोडलेल्या कुठल्याच वाटेने जात नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लिपवर मूळ केबलशिवाय एक बारीक लाल वायर होती, मध्ये काळ्या डबीतला फ्यूज. ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून आत गेली होती. नवऱ्याने गाडी घेतल्या घेतल्या अॅक्सेसरीच्या दुकानातून ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली सबवूफर बसवून घेतला होता, त्याची ही वायर. मी आत वाकून सबवूफरला हात लावला. बाहेर हुडहुडी भरत होती, रात्रभर गाडी बंद, आणि तो डबा कोमट. साडेचार वॅट कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडणारच. अप्पांनी काळ्या डबीतला फ्यूज ओढला. मीटर ०.०२४ वर.

एवढ्यावर थांबून फ्यूज काढून ठेवता आला असता, पण गाणी ऐकायची असतात. सबवूफरमधल्या अॅम्प्लिफायरला बॅटरीतून कायम वीज असणं चूक नाही, तशीच जोडणी असते. तो चालू-बंद होतो ‘रिमोट’ नावाच्या एका बारीक वायरीने, जिच्यावर टेप चालू झाला की बारा व्होल्ट येतात. आमच्या मूळ टेपला तशी वायरच नव्हती. बसवणाऱ्याने हाताला आलेल्या पहिल्या जिवंत वायरीला ती पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती वायर कायम जिवंत होती, गाडीच्या आतल्या दिव्याच्या लाइनची. गाडी बंद, टेप बंद, तरी अॅम्प्लिफायरच्या लेखी मैफल सुरूच. बाहेरून काही कळत नाही. गाणं वाजत नसताना तो आवाज करत नाही.

ती वायर मी सिगारेट लायटरच्या लाइनवर घेतली. किल्ली काढल्यावर ती लाइन मरते का, हे टेस्ट लॅम्पने आधी पाहिलं. काही गाड्यांत ती कायम जिवंत असते, तिथे हा उपाय चालणार नाही. जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी घातली. पुन्हा सगळं लॉक, पुन्हा अर्धा तास, चोवीस मिलिअँपिअर. या हिशोबाने भरलेली बॅटरी रिकामी व्हायला दोन महिने लागतील.

सोमवार आता नेहमीचा वार झालाय. पण दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरवली की प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि तेवढी जागा कायमची निकामी होते. किती गेली हे पाहायला मी एका रविवारी भरलेल्या बॅटरीवर हेडलाइट तासभर लावून ठेवले. पंचावन्न वॅटचे दोन, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. पस्तीसमधून नऊ गेले तर पाऊण उरायला हवी, १२.४ यायला हवेत. तासभर विश्रांती देऊन मोजलं, १२.२८. सुमारे चौथा हिस्सा तरी गेलाय, असा माझा अंदाज. त्या दुकानात तेव्हाच नवी घेतली असती तर त्या नवीचंही हेच झालं असतं, एवढाच मुद्दा.

हा उन्हाळा तिने काढला तर दिवाळीच्या सुमारास, थंडी पडायच्या आधी बदलणार आहे. जुनी त्याच दुकानात परत देईन. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि आतल्या शिशामुळे दुकानदारही ती आनंदाने घेतो. नवी बसवायच्या आधी मात्र दुकानातच निगेटिव्हवर मीटर लावून पुन्हा एकदा करंट पाहणार. अप्पा म्हणतात, त्याच्यासमोर लॅम्पही लाव, त्याला बघू दे.